दोन ट्रेलर आणि सिद्धूची सही

हा कागद माझ्या माघारी वाचला जाईल तेव्हा तब्येती विचारायला मी नसेन, म्हणून आधीच विचारून घेतो. हरणाबाई, गुडघा कसा आहे? एरंडाचं पान बांधतेस, का नुसती कुरकुरतेस? सिद्धू, तिकडं कानपुरात सोनं गाळताना तेजाबाचा धूर छातीत जातो, तो खोकला थांबला का? तानुबाई, पोरी, तुझं पित्त? केरबा ड्रायव्हर, तुझी कंबर? आणि मोटार कचेरीतले नानासो कारकून, तुमचं पोट बरं आहे ना? आमच्या दोन कोंबड्या त्यात गेल्यात, त्यांचीही खुशाली कळवावी.

मी तात्याबा बिराप्पा कोळेकर, वय अंदाजे अडुसष्ट, धंदा पूर्वी मेंढरं, हल्ली ट्रॅक्टरवर ऊस वाहतूक, राहणार विट्याजवळची वाडी, जिल्हा सांगली, लिहून ठेवतो की माझं डोकं ठिकाणावर आहे आणि कोणी माझा हात धरून लिहवत नाही. अक्षरं मी मैलाच्या दगडांवरून आणि गाड्यांच्या पाट्यांवरून शिकलो. आकडे चांगले येतात, काने-मात्रे सांभाळून घ्यावेत.

एक. राहतं घर आणि पोस्टातलं पुस्तक बायको हरणाबाई हिचं. ती आहे तोवर तिला कोणी "म्हातारे, सरक" म्हणायचं नाही.

दोन. माळावरची सात एकर मुलगा सिद्धू याची. तो ती विकणार हे मला ठाऊक आहे. तिथं हुलगासुद्धा रडत उगवतो, त्यामुळे राग नाही.

तीन. जॅक, पाने आणि माझं कांबळं केरबाचं. कांबळ्याला डिझेलचा वास आहे, त्याला तो आवडतो.

चार. ट्रॅक्टर आणि दोन्ही ट्रेलर मुलगी तानुबाई हिचे. तिचा मालक एकाहत्तरच्या लढाईत गेला, तेव्हापासून ती माझ्यापाशी आहे. सिद्धूनं पत्रात लिहिलंय, "बाईमाणसाच्या नावावर गाडी केली तर लोक हसतील." लोकांना हसायला कारण मी तीन वर्षांपूर्वीच दिलंय. ते इथं लिहितो, म्हणजे ट्रेलर तिचे का ते कळेल.

ट्रेलर मी आष्ट्याच्या लोहाराकडून जोडीनं करून घेतले. एकाचीच नोंदणी केली आणि रंगाऱ्याला सांगून तोच नंबर दुसऱ्यावरही घातला. मला त्यात काही वावगं वाटलं नाही. बेंदराला बैलजोडी सजवतो तेव्हा दोघांच्या शिंगांना एकच रंग लावतो, दोघांना एकच जू असतं. ऐन हंगामात मोटार कचेरीवाल्यांनी रस्त्यात गाडी अडवली आणि भरल्या उसासकट कचेरीच्या आवारात नेऊन लावली.

नानासो म्हणाला, "दोन ट्रेलर, नंबर एक. असं कसं?"

मी म्हणालो, "सायेब, जोडी हाय ती."

"जोडी? मग लग्नाचा दाखला आण."

सगळी कचेरी हसली. नंतर बावीस दिवस मी हेलपाटे घातले. आज साहेब दौऱ्यावर, उद्या फॉर्म संपले, परवा मधल्या सुट्टीनंतर. तीन कागद दिले तरी रोज चौथा मागायचे. ऊस आवारात वाळत होता आणि कचेरीतले शिपाई तोच सोलून चोखत होते. एकानं मलाही कांडं पुढं केलं. माझाच ऊस मला, तोही उपकार म्हणून. कोंबड्या त्याच दिवसांतल्या.

तेविसाव्या दिवशी तानुबाई म्हणाली, "आबा, तुमी भाईर बसा." ती सातवी शिकलेली. तिनं भिंतीवरचा छापील कागद मोठ्यानं वाचला. प्रत्येक ट्रेलरला वेगळी नोंद, वेगळी फी, वेगळा नंबर. मग म्हणाली, "आमचं चुकलं, दंड घ्या. पर तुमी रोज मागताय तो चौथा कागद ह्यात कुठं हाय, तेवढं दावा." नानासोनं भिंतीकडं बघितलं. मला वाटतं पहिल्यांदाच बघितलं असावं. संध्याकाळी ट्रेलर सुटले. नियम वाईट नव्हता, चूक माझीच होती. पण त्या नियमावर बसून खाणाऱ्या गोचिडी होत्या. मेंढराची गोचीड तरी पोट भरल्यावर गळून पडते.

पाच. खोट्या नंबराचा तो जुना पत्रा नानासोला द्यावा. त्यानं अर्ज तीन प्रतींत करावा, पोच घ्यावी, आणि त्याला तो एका हेलपाट्यात मुळीच देऊ नये.

सहा. मी गेल्यावर दहाव्याची वाट न बघता नावबदलाचा अर्ज टाकावा. पिंडाला कावळा शिवला नाही तर समजावं, मी त्या कचेरीच्या रांगेतच उभा आहे.

सिद्धू, आता तुझ्यासाठी. ह्याची नक्कल आजच तुला टपालानं पाठवतोय. माझ्या माघारी ते सगळ्या वारसांची हरकत नसल्याची सही मागतील. तू कानपुरात, आणि ट्रेलर पुन्हा त्याच आवारात. ह्या वेळी ऊस तानुबाईचा वाळेल. सोबत स्टँपाचा कागद आहे, त्यावर सही करून पाठव. करणार नसशील तर तसं लिही. मी जिवंत आहे तोवर ट्रेलर तिच्या नावावर करायला मी स्वतः त्या कचेरीत जाईन, आणि ह्या वयात मला तिथं पाठवलंस हे तुझ्या आईला मी सांगणार नाही. लोक मृत्युपत्राला उत्तर मागत नाहीत. मी मागतोय. वाचायला मी असेन तोवर, लवकर लिही.

साक्षीदार:
कोंडीबा धोंडी मेटकरी, सही
सयाजी रामा पाटील, डावा अंगठा (वाचून दाखवलं. गोचिडीपाशी हसला.)

तात्याबा बिराप्पा कोळेकर, सही
मुक्काम वाडी, ता. ११ जानेवारी १९७६