कानपिळीचं पान

दुसरबीड,
१२ जानेवारी १९६६

ती. शालूताईला धाकट्या कडूबाचा साष्टांग नमस्कार.

आठ वर्षांनी माझं अक्षर पाहून दचकू नकोस, घरी बरं आहे. माय तेवढी अंथरुणाला खिळली. बाबा गेल्याचं तुझ्या कानावर आलंच असेल, पुढच्या महिन्यात वर्ष होईल. त्यांनी काढलेल्या शाळेची मंडळी वर्षश्राद्धाला त्यांचं चरित्र छापणार आहेत, आणि लिहायला कोण सापडला? मी! मास्तर झालो ना, मग भोगा.

बाबा स्वतःबद्दल कधी बोलले नाहीत, म्हणून मायच्या आठवणी उतरवून घेतोय. रोज लिहिलेलं रोज तिला वाचून दाखवावं लागतं. शाळेची पहिली भिंत, विहीर, सगळं नीट चाललं होतं. परवा ती तुझ्या लग्नावर आली.

"दारात मांडव घातला व्हता. ह्यांनी कन्यादान केलं अन् मंग गोठ्यात जाऊन रडले. तू जावयाचा कान असा पिळला का तो कोकललाच! लिही ना बे, काऊन थांबला?"

ताई, कुठला मांडव नि कुठलं कन्यादान! तू मलकापूरला जिनिंगमधल्या परजातीच्या कारकुनाशी लग्न ठरवलंस आणि बाबांनी बजावलं, तिचं नाव या घरात काढायचं नाही. दाजींचा कान सोड, मी त्यांचं तोंडही पाहिलेलं नाही. पण माय असं रंगवून सांगते की आता माझ्याच बोटांना तो कान लागतो. तिला नाही म्हणवेना. लिहीत गेलो.

मंडळी आता मजकूर मागताहेत. मायचं लिहावं तर खोटं छापतो. खरं लिहावं तर मायला वाचून कसं दाखवू? आणि खरं तरी कोणाचं? गावाला आठवतं, उत्तमरावांनी पोरगी टाकली, तिच्या बोलावण्याला उत्तरसुद्धा दिलं नाही. तुलाही तेच आठवत असेल.

तसं नाही गं ते. तुझं कार्ड माझ्या हाती पडलं होतं. 'कान पिळायला भाऊ लागतो, बाबांना विचारून ये.' बाबांच्या भीतीनं मी ते चुलीत घातलं. सतरा वर्षांचा गाढव! महिन्याभरानं बाबांनी गोठ्यात हळूच विचारलं, "शालीचं काही आलं का रे?" मी नाही म्हटलं. गाईच्या पाठीवर हात ठेवून ते रडले. मायनं ते पाहिलं असणार, आणि त्या रडण्याभोवती मग मांडव घातला. पुढे दर दिवाळीला बाबा विचारायचे. मी दर दिवाळीला नाही म्हणायचो. एकदा नाही म्हटल्यावर हो कोणत्या तोंडानं म्हणू?

छापायच्या मजकुरात तुझ्या लग्नाचं ते एक पान मी अजून कोरं ठेवलंय. मला काही सुचत नाही, ताई. माय रोज विचारते, "शालीले वर्षश्राद्धाचं कळवलं का?" मी म्हणतो, पत्र टाकलंय. आज ते पहिल्यांदा खरं होईल.

ये म्हणायचा मला हक्क नाही. दाजींना नमस्कार.

मुहूर्त टळेपर्यंत जिची नजर रस्त्यावर लागून राहिली असेल, तिचा न आलेला भाऊ,
कडूबा