दाराखालची फट

प्रिय दादा,

रविवारी येऊन अप्पांना घेऊन जातो, एवढं सांगून तू फोन ठेवलास. त्यांना तुझ्याकडे जायचं नाही आणि मलाही त्यांना पाठवायचं नाही, पण फोनवर मी तोंड उघडलं की तुझी वकिली सुरू होते. म्हणून पत्र. शेवटपर्यंत वाच आणि आधी एकट्याने वाच, वहिनीला मागाहून दे.

माझी आवाजबंद खोली तुला पहिल्यापासून खूळ वाटते. पण मी माइकसमोर पुस्तकं वाचून, रेकॉर्ड करून पोट भरते रे. माझ्या वाक्यांमागे शेजारचा कुत्रा भुंकतो म्हणून तीन प्रकरणं परत आली, काम हातचं जायची पाळी आली. त्यात घर भाड्याचं, आणि भिंतीला एक खिळा ठोकायचा नाही ही घरमालकीणबाईंची अट. आधी मी शहाणीने स्पंजचे तक्ते आणून चारी बाजूंनी उभे केले. खोलीतलं घुमणं थांबलं, कुत्रा जिथल्या तिथे. सुतार हसला. म्हणाला, आवाज अडवायला मऊपणा नाही, वजन लागतं. आणि जिथून वारा शिरतो तिथून आवाज शिरणारच. मग त्याने भिंतीला न टेकता उभ्या राहणाऱ्या लाकडी चौकटी केल्या, त्यांत जाड लोकर भरली, वर दुहेरी प्लायवूड मारलं. खिडकीला झापड, दाराच्या कडांना रबरी पट्टी.

आणि तपासनीस कोण, तर अप्पा. जन्मभर मैदानावर पोरांना कवायत शिकवलेला माणूस. निवृत्तीनंतर पहिल्यांदाच कुणीतरी त्यांना ओरडा म्हणत होतं! मी आत माइक चालू ठेवून हेडफोन लावून बसायची आणि ते एकदा स्वयंपाकघरातून, एकदा बोळातून, एकदा बाथरूममधून “सावधान” ठोकायचे. ऐकू आलं की आम्ही फट शोधायचो. पुढे पुढे तर ते न सांगताच ओरडायला लागले. सांगून घेतली तर ती परीक्षा कसली, म्हणायचे. मी बाहेर आले की पहिला प्रश्न, किती मार्क. आई गेल्यापासून या घरात एवढं हसणं झालं नव्हतं. शेवटी एक दाराखालची फट तेवढी उरली होती.

त्या मंगळवारी साडेदहाला मी शेवटचं प्रकरण घेऊन बसले. दुपारच्या आत पाठवायचं होतं. दहाएक पानं झाली आणि कानात बारीकसा आवाज आला. मला वाटलं, झाली यांची परीक्षा सुरू. खरं सांगते, मी चिडले. थोड्या वेळाने पुन्हा आला. मी उठले, पण दार उघडलं नाही. टॉवेलची गुंडाळी करून फटीत कोंबली आणि परत वाचायला बसले, चांगली पाऊण तास. वर मनात म्हटलंसुद्धा, आज अप्पांना शंभरपैकी शंभर सांगू.

बाहेर आले तर अप्पा बाथरूमच्या दारात आडवे, पाय वाकडा, ओठ पांढरे. खुब्याचं हाड, ऑपरेशन, ते सगळं तुला माहीत आहे. डॉक्टरांनी विचारलं, घरात माणूस असून हाक का मारली नाहीत? अप्पा माझ्याकडे न बघता म्हणाले, “मी हाकच मारली नाही. पोरीचं काम चालू होतं.” मी शेजारीच उभी होते आणि गप्प राहिले. तू फोनवर त्यांना झाडलंस, हट्टी आहात, मोडाल पण कुणाला बोलावणार नाही, तेव्हा तर मी त्यांच्यादेखत तुला हो ना रे म्हटलं. लाज वाटते दादा.

परवा त्या मंगळवारचं रेकॉर्डिंग आवाज मोठा करून ऐकलं. “सावधान” नाही रे. ते मला लहानपणीच्या नावाने बोलावत होते. टॉवेल लावण्याआधी अकरा वेळा. नंतर किती, ते मला कधीच कळणार नाही.

काल दुपारी मी स्वयंपाकघरात होते, दारं सताड उघडी, काम बंद. तासाभराने त्यांच्याकडे गेले तर पाण्याची बाटली टेबलावर, त्यांचा हात पुरणार नाही इतकी लांब, आणि ते तिच्याकडे बघत पडलेले. हाक का नाही मारलीत विचारलं तर नुसते हसले. माझ्यासाठी बोललेलं खोटं आता खरं करून दाखवताहेत. हे मला सहन होत नाही, म्हणून लिहितेय. रविवारी न्यायचं तर ने, मी अडवणार नाही. मात्र त्यांना पुन्हा हट्टी म्हणू नकोस. आणि निघण्याआधी घटकाभर माझ्याजवळ बस, मला त्यांना खरं सांगायचंय. एकटीने दोनदा प्रयत्न केला, जमलं नाही. अप्पांना अजूनही वाटतं, खोली इतकी पक्की झाली होती की मला काही ऐकूच आलं नाही.

तुझीच, तू म्हणवून घेशील तर,
धाकटी