डाव्या कडेची जागा

रविवार, ता. २ डिसेंबर १९३४

माझी जागा गेली!

आमच्या शेगावच्या हॉकी टीमचे कप्तान शेषराव मास्तर. त्यांनी सगळ्यांसमोर सांगून टाकलं — "मोतीराम, तू आता आत खेळ. कडेवर कय्यूम." तीन वर्षं मैदानाची डावी कड माझी होती. बॉल घेऊन लाइनीजवळून सुटलो की बघणारे उभे राहायचे. आता तिथे कय्यूम. भांड्यांना कल्हई लावणाऱ्या अब्दुल गनींचा पुतण्या.

पळतो मात्र माझ्यापेक्षा जोरात. इथे खोटं कशाला लिहू?

बुधवार, ता. ५

बॉल आला की मी स्वतःच घुसतो. प्रत्येक वेळी हिसकावला गेला. कय्यूम कडेला हात वर करून उभा. मास्तर ओरडले, "काऊन बे, तो दिसून नाही राह्यला का तुले?"

दिसत होता.

रविवार, ता. ९

रोजे सुरू झाले. घोटभर पाणी न पिता कय्यूम पळतो. आज मी त्याला बॉल दिला — अगदी त्याच्या स्टिकपाशी. घ्यायला तो थांबला, तेवढ्यात समोरच्या टीमचा माणूस आडवा आला. गेला बॉल.

मास्तरांनी बाजूला घेतलं. "तो जिथं उभा हाय तिथं देऊ नोको. जिथं पोचणार हाय तिथं दे. आन आधी कड राखणाऱ्या त्यायच्या हाफले आपल्या अंगावर ओढ. तो तुह्यावर आला म्हंजे कड मोकळी."

"आन मार कोणाले बसन?"

"तुले!" म्हणाले आणि हसले.

मला काही हसू आलं नाही.

मंगळवार, ता. ११

नडगी फुटली. उद्या खेळायला जाणारच.

गुरुवार, ता. २०

आज जमलं! कापसाच्या जिनातलं काम सुटलं तो तसाच मैदानावर, अंगावर कापूस. लवकर दिला तर हाफ मागे फिरतो. उशीर केला तर बॉल जातो. त्याची स्टिक माझ्या स्टिकला लागणार, तेवढ्यात सोडायचा. तसा सोडला — आणि कय्यूम बॉलवर धावत पोचला. एकदा नाही, पुन्हा पुन्हा.

मधल्या जागेवर खेळणारा पुंजाजी आमच्या जिनातलाच हमाल, बैलासारखा धिप्पाड. तो बॉल नसतानाही सरळ गोलाकडे धावतो. मी विचारलं, "बॉल भेटत नाही, तरी काऊन धावतं?" म्हणाला, "मी धावलो तं त्यायचा गोलापुढचा फुलबॅक माह्याजवळच राह्यते. नाही तं तो कय्यूमवर जाईन ना!"

हे मला तीन वर्षांत कधी सुचलं नव्हतं. मी सुटायचो ते माझ्याच पायांनी, असं वाटायचं.

सोमवार, ता. ७ जानेवारी १९३५

ईद. कय्यूमकडे शिरखुर्मा. त्याची आई सुगराबी दाराआडून म्हणाली, "तूच मोतीराम क्या? ये दिनभर तेराच नाम लेता." कय्यूम लाजला. मीही.

मंगळवार, ता. ८

रविवारी खामगावशी मॅच. मागच्या साली तीन गोल खाल्ले होते. त्यात काल संध्याकाळी ही बातमी — रेल्वेच्या टीमचे साहेब भुसावळहून बघायला येणार! त्यांना डाव्या कडेचा खेळाडू हवा आहे. पसंत पडला तर नोकरी.

रात्रभर जळलो. जागा माझी असती तर ते मला बघायला आले असते. सकाळी पुंजाजीला उठवलं आणि दोघं सरावाला गेलो. जळून पाय चालत नाहीत.

रविवार, ता. १३

डाव्या हाताने लिहितो आहे. उजव्याची दोन बोटं सुजली.

खामगावचा पहिला गोल. मग पुंजाजीने घुसून बरोबरी केली. नंतर त्यांचा हाफ शहाणा झाला — माझ्याकडे येईचना, कय्यूमलाच चिकटून. म्हटलं, असं का? मग मीच घुसतो! दोनदा एकटाच गोलापर्यंत गेलो. तिसऱ्यांदा आला पठ्ठ्या माझ्यावर, सोबत फुलबॅक. येऊ दिलं. बोटांवर स्टिक बसली तेव्हा बॉल निघून गेलेला होता. मी पडल्या पडल्या पाहिलं — सगळी कड मोकळी, आणि तीत एकटा कय्यूम!

गोल!

लोकांनी त्याला खांद्यावर घेतलं. साहेब त्याच्याशीच बोलले. मी बोटांवर पाणी ओतत बसलो. पुंजाजी शेजारी येऊन बसला, म्हणाला, "कशी कड उघडली बे आपण!"

बुधवार, ता. १६

कय्यूमला नोकरी लागली. पळत येऊन सांगून गेला.

शुक्रवार, ता. १ फेब्रुवारी

भुसावळच्या गाडीत बसवून दिलं. खिडकीतून म्हणाला, "मोतीरामभाऊ, तिथं असा बॉल कोन देईन मले?"

"शिकव त्यायले," म्हटलं.

रविवार, ता. १० मार्च

पुढल्या रविवारी भुसावळची रेल्वेची टीम इथे येते. डाव्या कडेला कय्यूम. मास्तर म्हणाले, "मोतीराम, तू हाफ खेळ. त्याच्या समोर. त्याले तुह्यापेक्षा जास्त कोन ओयखते?"

हो म्हटलं. पळण्यात मी त्याला गाठू शकणार नाही. बॉलच पोचू द्यायचा नाही त्याच्यापर्यंत.