कुलूपबंद खोलीतील तीन आकडे वाचून मिळण्याबाबत

पस्तीस अंश. लाखेची मोहोर. दोनशे जणांची वस्ती. एक किलो शंभर ग्रॅम. परिवार नियोजन. उद्या संध्याकाळी पाच.

या सर्व बाबी एकाच प्रकरणातील आहेत, हे पुढील मजकुरावरून ध्यानात यावे.

प्रति,
श्री. काशीनाथ शेवडे,
प्रशासन अधिकारी,
गंगातीर तंत्रशिक्षण संस्था, वाराणसी

विषय: संगणक कक्षाचे टाळे दहा मिनिटे उघडण्याबाबत.
संदर्भ: अर्जदाराचा दि. ८ जानेवारीचा हिंदी अर्ज व त्यावरून झालेला घोटाळा.

महोदय,

१. अर्जदार श्रीनिवास पुणतांबेकर, राहणार मंगला गौरी, हा आपल्या विद्युत प्रयोगशाळेत एकवीस वर्षे साहाय्यक आहे. त्याची कन्या हिमानी हिला सातव्या महिन्यातच मुलगी झाली; वजन एक किलो शंभर ग्रॅम. मूल घराजवळच्या प्रसूतिगृहात काचेच्या पेटीत आहे; शहरातील बाकी पेट्या भरलेल्या आहेत. आत पस्तीस अंश ऊब लागते. विजेचा दाब पडला की ती एकतीसवर येते, दाब परतला की चाळिशीकडे धावते. हिमानी झाकणावर हात ठेवून बसलेली असते. पेटी गार लागली की ते बंद करते, ऊन लागली की किलकिले करते.

२. पेटीची ऊब आपोआप राखणाऱ्या यंत्राला फिरवायची तीन बटणे आहेत; ती नेमक्या आकड्यांवर लावली तरच ऊब टिकते. मूल आत असताना ती चाचपडत फिरवणे बरे नव्हे. म्हणून अर्जदाराने विभागप्रमुखांच्या तोंडी परवानगीने संगणकावर पेटीची नक्कल उभी केली आणि तीन-तीन आकड्यांचे दोनशे संच तीत सोडले. जे त्यातल्या त्यात बरी ऊब राखतात त्यांचे आकडे आपसात मिसळून पुढची पिढी होते. बाकीचे काढून टाकायचे. अशा साठ पिढ्या.

३. लेखी परवानगीच्या अर्जात त्याने 'जनसंख्या २००, पीढ़ी ६०, कमज़ोर हटाए जाएँगे' असे लिहिले. दुसरे शब्द त्याला सुचले नाहीत. आवक विभागातील लिपिक म्हणाले, "गुरु, ई त परिवार नियोजन क मामला हौ," आणि कागद कुटुंब कल्याण कक्षाकडे गेला. तेथून दोनशे जणांची संमतिपत्रे व हटविलेल्यांचे मृत्यूचे दाखले मागण्यात आले. ते जण नसून आकडे आहेत, असे अर्जदाराने कळविले. त्यावर 'मृतांना आकडे म्हणणे आक्षेपार्ह' असा शेरा पडला आणि दि. १६ रोजी चौकशी होईपर्यंत खोलीला टाळे व मोहोर लागली.

४. संगणक मात्र आत चालूच आहे. अर्जदाराने दाराला कान लावून त्याच्या पंख्याचा आवाज ऐकला आहे. टाळे लागले तेव्हा चोपन्नावी पिढी होती. साठावी आज सकाळी पुरी झाली असावी, आणि तिचे तीन आकडे पडद्यावर असावेत. प्रत्येक पिढी फ्लॉपीवर उतरविण्याची सूचना देण्यास अर्जदार विसरला. हा दोष सर्वस्वी त्याचा. उद्या पाचला तारांच्या कामासाठी संस्थेची वीज तोडणार आहेत; मग आकडे पुसले जातील.

५. तरी टाळे उघडावे. ते जमत नसल्यास आपल्या माणसाने आत जाऊन तीन आकडे मोठ्याने वाचावेत. अर्जदार बाहेर उभा राहील. तेही जमत नसल्यास पडदा खिडकीकडे वळवावा, तो समोरच्या गच्चीवरून दुर्बिणीने वाचील. नियम आडवा येत असल्यास दोनशेही जण आपले नातलग असल्याचे तो लिहून देईल, गेलेल्यांचे दहावे मणिकर्णिकेवर करील, आणि कुटुंबनियोजनाची शस्त्रक्रिया चोपन्नाव्या वर्षी स्वतः करून घेईल. हवी तर आजच. आकडे मात्र उद्या पाचच्या आत.

६. आपल्या घरी मराठी बोलतात म्हणून हा अर्ज मराठीत आहे. यात 'जनसंख्या' न लिहिता 'वस्ती' असे लिहिले आहे. हा शब्द तरी दुसऱ्या कक्षाकडे जाऊ नये.

आपल्या कचेरीच्या पायरीवर बसून असलेला,
श्रीनिवास पुणतांबेकर
१८ जानेवारी १९९६

सोबत: (१) बटणे फिरविण्यास प्रसूतिगृहाच्या डॉ. शरदिनी सप्रे यांची लेखी संमती. (२) पेटीच्या उबेची नोंद, हिमानीच्या हातची.

ता. क. अंदाजाने घेतलेल्या पहिल्या पिढीत दोनशेपैकी एकालाही ऊब पस्तीसवर राखता आली नव्हती.