भूशिरावरच्या चाळीस खुंट्या

३ मार्च
पोचले एकदाची! घर लहानसं, दोन खोल्यांचं, पण तिन्ही बाजूंना समुद्र. सामान उतरवताना ट्रकवाला म्हणाला, ताई, इथे वाऱ्याने कपातला चहासुद्धा उडतो. खोटं नाही बोलला. महिनाभर हे अख्खं भूशीर माझं. कुठे गवत, कुठे खडक, कोणते पक्षी, कोण काय चारतं, सगळं मोजून नकाशावर उतरवायचं. त्यावरून ऑफिस ठरवणार, सुट्टीचे साठ बंगले कुठे बांधायचे. माझी पहिलीच स्वतंत्र मोजणी. आईला फोन करून दोनदा सांगितलं, एकटी आहे पण मजेत आहे.

५ मार्च
कड्याच्या काठापासून बरोबर दहा मीटर आत चाळीस लाकडी खुंट्या ठोकल्या. प्रत्येकीवर लाल नंबर. खाली कपारींत कुरव पक्ष्यांची एकशे सत्तर घरटी आहेत. उंदीर पुष्कळ, पण एवढ्या मऊ मातीत बीळ एकही नाही, उघड्यावरच राहतात. नोंद केली, कारण सुचलं नाही.
मेंढ्या राखणारी मावशी भेटली. तिचा दगडी बांध नुसता रचलेला, पाया नाही. का, म्हणून विचारलं तर म्हणाली, इथे जमिनीत काही घालत नाहीत. बोलताना माझ्या हातोड्याकडे बघत होती.

६ मार्च
खुंट्या काठापासून नऊ मीटरवर. टेप चुकीचा धरला असणार. सगळं पुन्हा मोजलं. दिवस फुकट.

७ मार्च
आठ मीटर! चाळीसच्या चाळीस. कडा ढासळलेला नाही, म्हणजे कुणीतरी खुंट्या उपटून पुढे लावतंय. डोक्यात तिडीक गेली. इथे माझ्याशिवाय आहे कोण? मावशीच.

९ मार्च
साहेबांना आकडे कळवले. त्यांनी विचारलं, घरी बसून लिहिता का हो हे? उंटावरून शेळ्या हाकायला काय जातं! तो राग मावशीवर काढला. तिने मला सतरा नंबरच्या खुंटीपाशी बसवलं आणि गवत बाजूला केलं. मुळं सलग, माती घट्ट; कुणी उपटल्याची खूण नाही.
"पायात काटा रुतला तर अंग काय करतं गं? हळूहळू बाहेर ढकलतंच ना?" एवढंच म्हणाली.
मी हसले. संध्याकाळी तेच वाक्य डोक्यात घोळत राहिलं, त्याचाही राग आला.

११ मार्च
खुंट्यांच्या नादाला आता लागणार नाही. साहेबांशी भांडून दोन कामगार मागवले. घर नुसतं दगडांवर टेकवलेलं, म्हणून त्याच्या चार कोपऱ्यांना जमिनीत आठ आठ फूट लोखंडी गज ठोकून घेतले. यापुढे मोजणी घरापासून. घर तर कुणी पुढे सरकवणार नाही! घर ते काठ: साठ मीटर.
मावशीने लांबून बघितलं, आणि मेंढ्या बांधापलीकडे नेल्या.

१३ मार्च
चोपन्न.
तीनदा मोजलं. नवा टेप वापरला. चोपन्नच.

१४ मार्च
घरटी रिकामी. एकही कुरव नाही. अंडी तशीच टाकून गेले.
खुंट्याही काठावर नाहीत. वाकून पाहिलं, खाली लाटांवर लाल नंबर तरंगत होते.

१५ मार्च
सत्तेचाळीस. गजांभोवतीची जमीन सुजल्यासारखी फुगलीय. हात ठेवला. कोमट. आणि आत काहीतरी गळवासारखं ठणकतंय, ठण— ठण—
हात काढला. दुपारभर गज उपटायचा प्रयत्न केला. सालपटं निघाली तळव्यांची. तसूभर हलला नाही.
साहेब म्हणतात, सुट्टी मिळणार नाही, अर्धवट काम चालणार नाही.

१६ मार्च
चाळीस. मावशी हाताला धरून ओढत होती: "नोकरी गेली तर दुसरी मिळेल, पोरी. चल माझ्याकडे." मी म्हटलं, दिवसाला सातच मीटर जातायत, पाच दिवस हातात आहेत, उद्या दुपारपर्यंत नोंदी पुऱ्या करते आणि येते. मला खोटारडी म्हणतात ना— पुरावा घेऊनच निघेन.
ती रडली. मी वैतागले तिच्यावर.

१७ मार्च, सकाळ
दार उघडत नाही. चौकट तिरकी झालीय.
मागच्या खिडकीतून गवत दिसतं, खूप लांबवर बांध. पुढच्या खिडकीतून नुसतं पाणी. काठ दिसतच नाही—

फोन लावला. साहेबांना म्हटलं, घर सरकतंय. ते म्हणाले, लेखी कळवा.

जमीन कण्हतेय. हसू नका. मी मोजणी करणारी बाई आहे, जे आहे तेच लिहिते.

मावशी आली. कुऱ्हाडीने मागची खिडकी फोडतेय. गज आहेत खिडकीला— एक तुटला. मी जायला अजून दोन तरी तुटायला हवेत. वही मात्र जाईल.

म्हणून लिहिते. मावशी, हे साहेबांना नाही, वरच्या ऑफिसात दे. साठ बंगले, साठ पाये. माणसं झोपलेली असतील आत, मुलं असतील. एकही पाया खणू देऊ नका. आईला सांग, मी

मावशी हात पुढे करतेय. ती लांब जातेय— नाही, मीच. मावशी, वही धर, आणि मागे हो, मागे हो, तुझ्या पायाखालचंही