चौदा नंबरचा खड्डा

सोमवार, सकाळचे सव्वानऊ

प्रिय बारक्या,

गिरमिट शेवटचं फिरवून वर काढलं, निघालेली माती फळीवर क्रमाने मांडली, आणि आता या खड्ड्याशेजारी बसून राहण्यापलीकडे दिवसभर मला काम नाही. म्हणून तुला लिहिते आहे. उलट्या बादलीवर बसले आहे, कागद मांडीवर आहे, तेव्हा अक्षराला नावं ठेवू नकोस. तू नर्स असून तुझं अक्षर डॉक्टरसारखं आहे.

गुडघा कसा आहे? तुझ्या बायकोचा, आमच्या मास्तरीणबाईंचा, खोकला गेला का? पिटुकलीला सांग, आत्याने तिच्यासाठी बगळ्याचं पीस ठेवलं आहे, पण ते आधी धुवायला हवं.

गेले आठ दिवस तुझे फोन येतात आणि मी उचलत नाही, हे तुझ्या लक्षात आलं असणारच. तू "बोल ताई" म्हणतोस. मागे गाडी धडधडत असते. तू "चाललंय ना सगळं?" विचारतोस आणि "चाललंय" म्हणून टाकणं फार सोपं जातं. पत्रात तसं होत नाही. शिवाय पत्र तू कामावर जाताना एकदा आणि येताना एकदा वाचशील. दोन तास जायला, दोन तास यायला. तुझ्याइतका निवांत वाचक मला कुठे मिळणार.

खड्ड्याचा तळ कोरडा आहे. एक मीटर.

अकरा वाजले

मी नेमकं काय करते ते तुला कधी नीट सांगितलं नाही. तू लोकांना सांगतोस, "आमची ताई खड्डे खणते," आणि ते तसं बरोबरच आहे. घरं बांधण्याआधी जागेचा पर्यावरण आढावा होतो. कोणी पक्षी मोजतं, कोणी रस्त्यावरची वर्दळ मोजतं, मी जमिनीतलं पाणी मोजते. मीटरभर खोल खड्डा घ्यायचा, पूर्ण एक दिवस थांबायचं, मग पाणी कुठवर चढलं ते बघायचं. जमिनीपासून तीस सेंटीमीटरच्या आत आलं तर ती जागा पाणथळ धरायची. तिथे इमारत होत नाही. त्याच्या खाली राहिलं तर होते.

दिवसभर थांबायचं कारण इथली माती चिकण आहे. पाणी असतं, पण यायला वेळ घेतं.

आत्ता मोजपट्टी सोडली. वरून अठ्ठ्याऐंशी सेंटीमीटर. म्हणजे यायला लागलं आहे.

एका बाजूला रेल्वेचा बांध आणि तुझं ते काचेच्या छपराचं नवीन स्टेशन. दुसऱ्या बाजूला लव्हाळी आणि त्यांच्या मागे तळं. मधलं मैदान म्हणजे तुमची सात इमारतींची योजना. तुला खोटं वाटेल, पण पहिल्या दिवसापासून मला ती आवडते. घरातून निघून पाच मिनिटांत फलाटावर. माणसांनी असंच राहायला हवं. मी जिथे बसले आहे तिथे चार नंबरची इमारत येणार आहे. तुमची.

बांधावरून आत्ता एक म्हातारे गृहस्थ उतरून आले. निवृत्त पोस्टमन. त्यांच्याबद्दल पुढे सांगायचं आहे. जवळ येऊन खड्ड्यात डोकावले.

"काय शोधताय बाई?"

"पाणी."

"मग बसून राहा. येईल ते." थोड्या वेळाने म्हणाले, "मागे पण तुम्हीच होतात ना इथे? तेव्हा फार घाईत दिसलात."

मी हो म्हणाले. त्यांनी खिशातून अर्धा पेरू काढून पुढे केला. मी घेतला. आपल्या आईने ऐकलं असतं तर अनोळखी माणसाकडून काही घेतलं म्हणून अजूनही माझा कान पिळला असता.

दीड

सत्तर.

मागे घाईत होते ते का, ते तुला सांगायला हवं, कारण ती घाई तुझी होती.

पाच आठवड्यांपूर्वीचा शुक्रवार. मी याच जागी खड्डा घेतला होता. तो चौदा नंबर. खणून चाळीस मिनिटं झाली आणि तुझा फोन आला. तू बोलतच नव्हतास. मला वाटलं पिटुकलीला काही झालं. मग म्हणालास, "ताई, सोडतीत नाव आलं. चार नंबर, पाचवा मजला." आणि रडायला लागलास. चाळिशीचा घोडा, हॉस्पिटलच्या जिन्यात उभा राहून.

मी पट्टी सोडली. तळ कोरडा होता. कागदावर लिहिलं, "एक मीटर, पाणी नाही," आणि वेळेच्या रकान्यात दुसऱ्या दिवशीची सकाळ टाकली. म्हटलं, उद्या येऊन बघायचंच आहे, वेगळं काय निघणार. तेवीस वर्षांत असं कधी केलं नव्हतं. पिशवी खांद्याला लावली आणि गाडी पकडून तुझ्याकडे आले.

ती संध्याकाळ मी विसरणार नाही. मास्तरीणबाई जमिनीवर खडूने घराच्या खोल्या आखत होत्या. इथे कपाट, इथे पलंग. पिटुकलीने तिचं शाळेतलं चित्र दाखवलं. आई, ती स्वतः आणि मी. तू विचारलंस, "आणि मी कुठे?" ती म्हणाली, "तू गाडीत आहेस." सगळे हसलो. तू सगळ्यांत मोठ्याने हसलास आणि मग भांडी घासायला उठलास. भांडी घासलेलीच होती.

जेवताना मी सहज विचारल्यासारखं विचारलं, "समजा, तिथली जमीन ओली निघाली तर?"

तू म्हणालास, "पाचव्या मजल्यावर पाणी येत नाही, ताई."

येत नाही. पण तळमजल्यावर कोणीतरी असेल, बारक्या. आपण होतो. गादी टेबलावर चढवून तुला तिच्यावर निजवायची आणि मी खुर्चीवर पाय घेऊन बसायची. तुझ्या छातीतला तो आवाज मला अजून ओळखता येतो. तू नर्स झालास तो बहुधा तिथूनच, आणि मी खड्डे खणायला लागले तीही. आपण दोघांनी हे एकमेकांना कधी बोलून दाखवलं नाही, एवढंच.

चार

बावन्न.

वरचं सगळं लिहिलं, तरी जे लिहायला बसले ते अजून लिहिलेलं नाही. तू म्हणशील, ताई, तुझी सवयच आहे, शंभर गोष्टी सांगशील आणि एक ठेवशील.

त्या शनिवारी सकाळी मी ठरल्याप्रमाणे इथे आले. खड्ड्यात पाणी होतं. पट्टी सोडली तर चोवीस सेंटीमीटर. पुन्हा सोडली. चोवीसच. माती तर मी आदल्या दिवशीच पाहिली होती. राखाडी, आत गंजासारखे तांबडे ठिपके. असे ठिपके पाणी धरणाऱ्या जमिनीतच पडतात. शिकाऊ मुलींना हे मी स्वतः शिकवते.

मी तिथे उभी राहिले. स्टेशनात एक गाडी आली, गेली. दुसरी आली, गेली. मग मी खड्डा बुजवला.

काम संपल्यावर खड्डा बुजवायचा हा आमचा नियमच आहे, त्यामुळे कोणी पाहिलं असतं तरी काही वाटलं नसतं. माती परत लोटली, पायाने दाबली, वरून गवताचं ढेकूळ ठेवलं. कागदावरचा आदल्या दिवशीचा आकडा तसाच राहू दिला. इतकं नीट काम मी बऱ्याच दिवसांत केलं नव्हतं.

घाईत चुकले, असं मला तुला सांगता आलं असतं. घाई शुक्रवारी होती. शनिवारी मला कसलीही घाई नव्हती.

अहवालाचा मसुदा निघाला. लोकांकडून हरकती मागवल्या. चौदा नंबरवर एकच आली, याच पोस्टमन काकांची, चार ओळींची. "पंचवीस वर्षं या मैदानातून टपाल नेलं. लव्हाळ्यांच्या अलीकडे पन्नास पावलांवर मला बारा महिने सायकल उचलून घ्यावी लागे. तिथे इमारत दाखवली आहे. कृपया पाहावे."

बैठकीत साहेबांनी ती वाचली आणि बाजूला ठेवली. म्हणाले, "सायकल उचलणं म्हणजे मोजमाप नव्हे. चौदा नंबर बाईंनी स्वतः घेतलाय. बाईंनी घेतलाय म्हटल्यावर प्रश्नच मिटला." सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी मान डोलावली.

तो दिवस आणि तुझा पहिला न उचललेला फोन, एकच.

अहवाल परवा समितीपुढे जाईल. आज मी रजा टाकून आले आहे. मला इथे कोणी पाठवलेलं नाही.

सहा वाजले

चव्वेचाळीस. वेग कमी झाला आहे.

दीड महिना पाऊस नाही. पाणी तेव्हापेक्षा खाली गेलेलं असू शकतं. एकतीसवर थांबलं तर कागदावरचा "पाणी नाही" हा शेरा खोटा ठरेल, पण इमारत राहील. मी बादलीवर बसून मनातल्या मनात त्या पाण्याला थांब म्हणत होते, हे तुझ्यापासून कशाला लपवू. पोस्टमन काका घरी जाताना पुन्हा डोकावून गेले. "आलं?" म्हणाले. मी म्हणाले, "येतंय." ते म्हणाले, "तुम्हाला नको असल्यासारखं सांगताय." त्यांना काय कल्पना.

आता तुझ्यापुरतं सांगते. तीसच्या आत आलं तर चार नंबर तिथे होणार नाही. आराखड्यात दुसरा एक पर्याय आहे, चार नंबर उचलून स्टेशनच्या वाहनतळावर नेण्याचा. जागा कोरडी आहे, मीच पाहिली आहे, आणि खरं तर ती जास्त चांगली आहे. पण तो मान्य होईल की तुमची यादी पुढच्या योजनेत ढकलतील, मला माहीत नाही. ढकलली तर चार-पाच वर्षं. तोवर पिटुकली नऊ वर्षांची होईल. हा हिशेब तू करण्याआधी मी केला आहे, रोज करते.

त्या पर्यायासाठी मला भांडता येणार नाही. काम घेताना एक कागद भरून द्यावा लागतो, आपलं कोणी या योजनेत आहे का. मी "नाही" लिहिलं होतं, तेव्हा ते खरं होतं. सोडतीनंतर बदलायला हवं होतं. बदललं नाही. उद्या बदलीन, आणि त्यानंतर या जागेबद्दल मला तोंड उघडता येणार नाही. तुझ्या बाजूने बोलू शकणारं या कचेरीत जे एक माणूस होतं, ते मीच घालवलं.

तू रागावशील. रागाव. मास्तरीणबाईंना पत्र दाखव किंवा दाखवू नकोस, तुझ्यावर सोडते. फक्त रागाच्या भरात जेवण सोडू नकोस, तुझं पित्त उसळतं. आणि पिटुकलीला आत्याबद्दल काही सांगायचं असेल तर ती जरा मोठी झाल्यावर सांग. मी स्वतः समोर बसलेली असताना सांगितलंस तर बरं.

तुला घर मिळावं असं मला या जगात कशाहूनही जास्त वाटतं. म्हणूनच तो खड्डा बुजवला होता. आणि तुझ्या खाली कोणीतरी टेबलावर गादी चढवत असेल, ते मला चालणार नाही म्हणून आज परत खणला.

अजून म्हणत असशील तर,
तुझी ताई

मंगळवार

सकाळी सव्वानऊला मोजलं. सत्तावीस सेंटीमीटर. दोनदा मोजलं. या खेपेला खड्डा बुजवला नाही, भोवती दोरी बांधून आले.

दहा वाजता कचेरीत नव्या मोजणीचा आणि "आपलं कोणी आहे का" तो बदललेला, असे दोन्ही कागद साहेबांच्या टेबलावर ठेवले. त्यांनी ते वाचले, चष्मा काढला आणि विचारलं, "हे पाणी तुम्ही पहिल्यांदा कधी पाहिलंत?" मी तारीख सांगितली, तुझ्या सोडतीच्या दुसऱ्या दिवसाची. त्यांनी ती माझ्यासमोर लिहून घेतली, मला वाचून दाखवली आणि खाली माझी सही घेतली. मग मला घरी जायला सांगितलं. जाताना वाटेत हे पत्र पेटीत टाकते आहे.