पाणपिसवा आजही वाचल्या नाहीत

बुधवार, संध्याकाळ

आजही सगळ्या मेल्या. गवती चहाचं तेल डासांच्या अळ्या मारते, ते केव्हाच दिसलं होतं. तळ्यातल्या बाकी जीवांचं काय होईल, म्हणून ठिपक्याएवढ्या पाणपिसवांवर तपासून राहिली होती. एक तेवढी दुपारपर्यंत गोल गोल फिरत होती, मग तीही तळाशी गेली. मी काहून तिच्याकडेच पाहत बसली?

प्रयोगशाळेतले सर म्हणाले, "और पतला करो." अजून पातळ केलं तर अळ्याच मरत नाहीत, तेही करून पाहिलं. मग उरलं काय? झाडाचं तेल आहे, कोणाला अपाय नाही, असं गावात मीच सांगून आली होती. ती गोल फिरणारी डोळ्यांसमोरून जात नाही.

घरी निघाली तर सुनीतादीदीचा फोन. त्यांच्या बचत गटानं माझ्याच भरवशावर गवती चहा लावला आहे.

"दीदी, हमारा तेल पास हो गया ना?"

मले बोलताच आलं नाही.

"हॅलो? आवाज नहीं आ रही," त्या हसल्या. "चलो, पास ही समझती हूँ. बाकी बाड़ी में भी लगवा देती हूँ."

त्यांनी फोन ठेवला. परत लावायची हिंमत अजून झाली नाही.